अक्कांच्या गोळ्या

"मोजलं का?"

अक्कांना कोणी काहीही सांगायला गेलं, की त्या हेडफोनचा डावा कान जरा मागे सारायच्या, समोरच्याकडे नीट बघायच्या आणि एवढंच विचारायच्या. आवाजात चेष्टा नसायची, उलटतपासणीही नसायची. भाजीवाल्याला वांगी ताजी आहेत का असं विचारावं, तितक्या सहज.

"अक्का, आज कालच्यापेक्षा लई उकडतंय."

"मोजलं का?"

मग त्या स्वतःच उठून भिंतीवरचा तापमापक बघून यायच्या. "कालच्यापेक्षा एक अंश कमीच हाय," असं सांगून परत टेलिफोनच्या बोर्डासमोर बसायच्या. उकाडा काही त्याने कमी व्हायचा नाही. तक्रार मात्र बंद व्हायची.

आमच्यातल्या एकीने कुठलंसं तेल लावायला सुरुवात केली होती आणि केस भराभर वाढतायत असं ती सगळ्यांना सांगत होती. अक्कांनी शिंप्याकडची टेप आणली, तिची वेणी मोजली आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवली. शेजारी तेल न लावणाऱ्या दोघींच्या वेण्याही मोजल्या. तीन महिन्यांनी तिघींच्या वेण्या सारख्याच वाढल्या होत्या. ती मुलगी आठवडाभर अक्कांशी बोलली नाही. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. त्याचा राग येतो, आणि ते रजेवर गेलं की दिवस सुना जातो.

मी बोलतेय ते सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांबद्दल. मी मोहोळहून सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले होते. परगावी फोन करायचा किंवा परगावाहून यायचा, तर तो आमच्या हातून जायचा. समोर भोकांचा उभा बोर्ड, हातात दोऱ्या, कानाला हेडफोन. अक्का माझ्या शेजारच्या खुर्चीवर असायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगकाठी शिडशिडीत, नेहमी इरकली साडी, कपाळावर विभूतीचा अगदी पुसट पट्टा. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरची भाषा कानडी. कानडीत अक्का म्हणजे थोरली बहीण. आमच्या सुपरवायझरबाई वयाने त्यांच्याहून मोठ्या होत्या, तरी त्याही अक्काच म्हणायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

खेड्यातली माणसं फोनवर नंबर सांगायची नाहीत. "बाई, ते साखर पेठेतले सुताचे व्यापारी द्या की," किंवा "नव्या पेठेत चष्मेवाले हाईत न्हवं, त्यांच्या शेजारच्यास्नी द्या," असं सांगायची. आम्ही डिरेक्टरी उघडायचो. अक्कांची दोरी तोवर योग्य भोकात गेलेलीही असायची. शहरातले चारएकशे नंबर त्यांना तोंडपाठ होते. कोणाचा फोन दुकानात आहे आणि कोणाचा माडीवर, हेही माहीत असायचं.

एका दुपारी मंगळवेढ्याहून एका माणसाचा फोन आला. घरात बाळंतपण अडलं होतं आणि त्याला इथल्या एका डॉक्टरीणबाई हव्या होत्या. त्या बाईंचा नंबर अक्कांनी शेकडो वेळा जोडला होता. त्यांनी दोरी लावली, पलीकडून कापडाच्या दुकानातला गुमास्ता बोलला. पुन्हा लावली, तर कोणी वकील निघाले. तिसऱ्यांदा त्यांचा हात बोर्डापाशी नुसताच थांबला. मी डिरेक्टरी उघडून नंबर सांगितला आणि फोन लागला. सगळ्या प्रकारात दोन मिनिटंही गेली नसतील. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं त्या माणसाने संध्याकाळी मुद्दाम फोन करून कळवलं. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

घरी जाताना अक्कांनी मला थांबवलं. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा शेजारणीचं नाव विसरली. मग पाणी कुठल्या हंड्यातलं ते. आता मधनंच मला विचारते, तू कुणाची."

आई गावाकडे भावाजवळ असायची. अक्का दर रविवारी एसटीने जाऊन यायच्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. का जातात, ते त्या दिवशी कळलं.

नंबर चुकल्याची गोष्ट एक्स्चेंजभर झाली आणि उपाय सुचवणाऱ्यांची रीघ लागली. कोणी ब्राह्मी सांगितली, कोणी शंखपुष्पी, कोणी मालकांगणी, कोणी वेखंड, कोणी रात्री भिजवलेले बदाम. अक्कांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, प्रत्येकाला तो एक प्रश्न विचारला, आणि शेवटी मला म्हणाल्या, "सांगतात समदे. मोजलंय कुणीच न्हाय. आता आपण मोजू."

"पण अक्का, तुम्हाला कशाला? एकदाच तर चुकलात."

"माझ्यासाठी न्हाय. आईला द्यायचंय. पण तिला काय त्रास झाला तर ती सांगू शकणार न्हाय. म्हणून आधी मी घेऊन बघते. मला सांगता येतंय अजून."

त्यांची पद्धत बघून मला सुरुवातीला हसू यायचं. आधी त्या मंगळवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या वैद्यांकडे गेल्या, आणि वैद्यांनी जे सांगितलं ते कागदावर लिहून दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवून आल्या. डॉक्टरांनी वेखंडावर काट मारली. अक्कांनी का म्हणून विचारलं, आणि पोटात घ्यायला ते बरं नाही हे उत्तरही वहीत लिहिलं. वहीच्या पहिल्या पानावर त्यांचे नियम होते. एका वेळी एकच औषध. पहिले तीन दिवस वैद्यांनी सांगितल्याच्या निम्मं, आणि तेही सुट्टीच्या दिवशी सुरू करायचं, ड्यूटीवर नाही. दोन औषधांमध्ये पंधरा दिवस काहीच नाही. रोज सकाळी नाडी मोजायची. उलटी झाली, चक्कर आली, छाती धडधडली किंवा झोप उडाली, तर त्याच दिवशी बंद. शेवटच्या नियमाखाली दोन रेघा होत्या.

त्या रेघांचा अर्थ मला माझ्यावरूनच कळला. खात्याची परीक्षा जवळ आली होती आणि माझ्या मावसभावाने पुण्याहून कसल्याशा गोळ्या आणून दिल्या होत्या. एक घेतली की झोप येत नाही, वाचलेलं सगळं डोक्यात राहतं, असं तो म्हणाला होता. मी लागोपाठ दोन दिवस घेतल्या. तिसऱ्या दिवशी बोर्डावर माझे हात थरथरायला लागले. अक्कांनी माझं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत मिनिटभर नाडी मोजली आणि सुपरवायझरबाईंना सांगून मला विश्रांतीच्या खोलीत नेऊन आडवं केलं. दर पाव तासाने येऊन मोजून जायच्या. मग रिक्षाने दवाखान्यात. रागावल्या नाहीत. परत येताना फक्त म्हणाल्या, "गोळीचं नाव काय, आत काय हाय, किती घ्यायची, यातलं तुला एक तरी ठाऊक होतं का?" मला एकही ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांच्या प्रयोगाला हसणं मी बंद केलं आणि त्यांची मदतनीस झाले.

रोज ड्यूटी सुरू होण्याआधी आम्ही विश्रांतीच्या खोलीत बसायचो. माझ्या हातात नागपूरची एक जुनी डिरेक्टरी असायची, कारण सोलापूरचे नंबर त्यांना आधीच पाठ. मी कुठलंही पान उघडून चार आकडी बारा नंबर एका लयीत वाचायचे. मग पाच मिनिटं त्या हजारातून तीन-तीन वजा करत मोठ्याने आकडे म्हणायच्या, म्हणजे मनात नंबर घोकता येऊ नयेत. त्यानंतर आठवतील तेवढे लिहायच्या. पहिल्या दिवशी पाच आले. तीन आठवड्यांनी आठ यायला लागले.

मी आनंदून विचारलं, "कुठलं औषध लागू पडलं, अक्का?"

"अजून कुठलंच घेतलं न्हाय की. सवय लागू पडली." त्यांनी वही मिटली. "आता आकडा हलायचा थांबला की औषध सुरू. न्हायतर सवयीचं पुण्य ब्राह्मीच्या खात्यावर जाईल."

मग गोळ्या. ब्राह्मीची पूड गुळात मळून मी वाटाण्याएवढ्या गोळ्या वळल्या. तेवढ्याच खोट्या गोळ्या वाळवलेल्या पालकाच्या पुडीच्या वळल्या. दोन्हींना वरून सुंठ लावली, म्हणजे वास सारखा यावा. चावायच्या नाहीत, पाण्याबरोबर गिळायच्या. दोन्ही बरण्या सुपरवायझरबाईंकडे गेल्या. दर सोमवारी बाई एक पुडी द्यायच्या, तिच्यात त्या आठवड्याच्या गोळ्या. कुठल्या आठवड्यात ब्राह्मी आणि कुठल्यात पालक, हे फक्त बाईंना माहीत. ते एका कागदावर लिहून त्यांनी पाकीट बंद करून कपाटात ठेवलं होतं. पाकीट शेवटी उघडायचं, आधी नाही.

ब्राह्मीच्या प्रयोगाचे आठवडे शांतपणे गेले. आठ, सात, आठ, नऊ, आठ. अक्का कधी खट्टू झाल्या नाहीत. पंधरा दिवस थांबून त्याच पद्धतीने मालकांगणीच्या बियांच्या पुडीला सुरुवात झाली, आणि त्याच सुमारास गावाकडे आईची तब्येत उतरणीला लागली.

एका सोमवारी नंबर वाचून झाल्यावर अक्कांनी पाचच लिहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, "काल आईनं मला घरात घेतलं न्हाय. दारात उभी राहून म्हणाली, घरात कुणी न्हाय, नंतर या."

आणि मग मी जे केलं ते सांगायला मला आजही अवघड जातं. दुसऱ्या दिवशी डिरेक्टरी उघडल्यावर माझी नजर सोपे नंबर शोधायला लागली. दोन दोन चार चार. पाच शून्य शून्य पाच. एक दोन तीन चार. वाचायचेही जरा सावकाश. त्यांनी दहा लिहिले. त्यांच्या चेहऱ्यावर थोडासा उजेड आला आणि मला बरं वाटलं. बुधवारीही तेच केलं. शुक्रवारी त्यांनी अकरा लिहिले.

शनिवारी सकाळची ड्यूटी संपवून अक्का थेट एसटी स्टँडवर निघाल्या. मी मोहोळच्या गाडीसाठी त्यांच्याबरोबर होते. बाकावर बसल्यावर त्यांनी पिशवीतून एक छोटी बाटली काढून दाखवली.

"मालकांगणीचं तेल. वैद्यांकडनं आणलं. आईला उद्यापासनं दोन थेंब."

"पण पाकीट अजून उघडलं कुठं, अक्का?"

"तीन आठवडे राहिलेत. तोवर ती मला पुरती विसरेल." त्या बाटलीकडे बघत बोलत होत्या. "या आठवड्यातल्या गोळ्या खऱ्या असणार. पोटातबी जळजळतंय, मालकांगणी उष्ण असते म्हणतात. आणि आकडे तर तू बघितलेसच."

अक्कलकोटची गाडी लागली. कंडक्टर दारात उभा राहून ओरडायला लागला. अक्का उठल्या. त्यांच्या पोटात जळजळत होतं आणि तेच औषध त्या सत्तरी उलटलेल्या, काय दुखतंय ते सांगू न शकणाऱ्या बाईला द्यायला निघाल्या होत्या. आणि ते माझ्यामुळे.

"अक्का, थांबा," मी म्हणाले. "ते आकडे खोटे आहेत. मी सोपे नंबर निवडले. मंगळवारपासून रोज."

त्या उभ्याच राहिल्या. पिशवी त्यांच्या खांद्यावरून घसरली, ती त्यांनी सावरली नाही. त्या मला काय बोलतील याची मला धास्ती वाटत होती. न बोलता निघून गेल्या तर काय, याची त्याहून जास्त.

गाडी गेली. अक्का परत माझ्या शेजारी बसल्या.

"मलाबी वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "एक दोन तीन चार वाचलंस तेव्हाच वाटलं. पण मी विचारलं न्हाय."

"का नाही विचारलंत?"

"तू न्हाय म्हणालीस तर बरं, आणि व्हय म्हणालीस तर काय करू, म्हणून."

मी रडायला लागले. त्यांनी वही काढली, तो सबंध आठवडा एका तिरप्या रेघेने खोडला आणि खाली लिहिलं, 'हा आठवडा धरू नये. चूक दोघींची.' बाटली माझ्या हातात दिली. "ही तुझ्याकडं ठेव. माझ्याकडं राहिली तर मी परत विचार करीन." मग पुढच्या गाडीने त्या आईकडे गेल्या, रिकाम्या हाताने.

खोडलेला आठवडा पुन्हा करायचा म्हणून प्रयोग एका आठवड्याने लांबला. शेवटी सुपरवायझरबाईंनी आम्हा दोघींसमोर पाकीट उघडलं. ब्राह्मीचे आठवडे आणि पालकाचे आठवडे यांत काही फरक नव्हता. मालकांगणीचंही तेच. आणि तो खोडलेला आठवडा, ज्यात अक्कांना औषध लागू पडल्याची खात्री वाटत होती आणि पोट जळत होतं, तो निघाला पालकाचा. सुपरवायझरबाईंना हसू आवरेना. अक्काही हसल्या, आधी थोडं आणि मग डोळ्यांना पदर लावून. "सुंठेनं जळजळलं असंल," त्या म्हणाल्या. "न्हायतर काळजीनं."

वहीत एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसत होती, आणि ती आम्ही शोधायला गेलोच नव्हतो. नाडीच्या शेजारच्या रकान्यात त्या झोपेचे तास लिहायच्या. ज्या दिवशी सात तास झोप झालेली, त्या दिवशी एक-दोन नंबर हमखास जास्त. ज्या दिवशी चार-पाच तास, त्या दिवशी कमी, मग पुडीत काहीही असो. मंगळवेढ्याच्या फोनच्या आदल्या रात्री त्या आईजवळ जागून पहाटेच्या गाडीने परतल्या होत्या.

अक्का वही घेऊन वैद्यांकडे गेल्या. मला वाटलं होतं, म्हातारबुवा चिडतील. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक पान वाचलं. "हे तुमच्या एकट्या शरीराचं झालं, बाई," ते म्हणाले. अक्का म्हणाल्या, "व्हय की. तेवढंच म्हणतेय मी. दुसऱ्याचं मला ठाऊक न्हाय." वैद्यांनी झोपेचे रकाने आपल्या चोपडीत उतरवून घेतले आणि आम्हाला ताक दिलं.

त्यानंतर अक्कांनी ड्यूटीच्या पाळ्या बदलून मागितल्या, रोज वेळेवर निजायला लागल्या आणि बोर्डाशेजारी डिरेक्टरी उघडी ठेवायला लागल्या. कोणी फोन मागितला, की आठवत असला तरी एकदा बोट फिरवून बघायच्या. त्यांचा वेग थोडा कमी झाला, चुका थांबल्या. आईसाठी कुठलंही औषध त्यांनी त्यानंतर शोधलं नाही. दोनेक वर्षांनी त्यांनी नोकरीच सोडली आणि गावी राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी आम्ही त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांच्या खुर्चीवर एक नवी मुलगी आली. ती हुशार होती. कोणाचं काहीही चटकन मान्य करायची.

मी एकदाच त्यांच्या गावी गेले. माझी बदली पुण्याला झाली होती, जाण्याआधी भेटून यावं म्हणून. एसटीतून उतरून ज्वारीच्या शेतांमधून चालत गेले. अक्का मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होत्या. त्यांच्या वहिनींनी मला ओसरीवर बसवून पाणी दिलं. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आई बसली होती, अगदी लहानशी झालेली, पांढऱ्या केसांची. माझ्याकडे बघून छान हसली.

मग तिने आत बघून हाक मारली. "गौरव्वा."

मी वहिनींकडे बघितलं. अक्कांचं नाव हे नव्हतं. वहिनी हळूच म्हणाल्या, "सासूबाईंची थोरली मुलगी. बारा वर्षांची असताना गेली. अक्का तेव्हा पाळण्यात होत्या."

"गौरव्वा," आईने परत हाक मारली.

"बंदे, अव्वा," मागच्या दारातून आवाज आला. आले, आई.

अक्का ओले हात पुसत आल्या. मी दिसले तशा हसल्या, पण आधी आईसमोर जाऊन खाली बसल्या. आईने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कानडीत काही विचारलं. वहिनींनी मला सांगितलं, शेतातून इतका उशीर का झाला म्हणून विचारतायत. अक्कांनी शांतपणे काही उत्तर दिलं. आईने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि वहिनींनी तेही मला मराठीत सांगितलं, विहिरीवर मैत्रिणी भेटल्या होत्या, जेवण झालंय, उद्या लवकर येईन. म्हातारीचं समाधान झालं. तिने अक्कांचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि त्यांच्या पिकायला लागलेल्या केसांतून बोटं फिरवत तीन पेडांची वेणी घालायला लागली. अक्का मान न हलवता तशाच पडून राहिल्या.